मेसा व्हर्डे, आईचे गुडघे आणि पाच शिड्या

तिकिटापासूनच सुरू करतो कारण निम्मा वैताग तिथेच झाला. कोलोरॅडोच्या नैऋत्य कोपऱ्यात मेसा व्हर्डे नॅशनल पार्क आहे, तिथे डोंगराच्या कपारीत आठशे वर्षांपूर्वीची दगडी घरं आहेत, आजच्या प्युब्लो या मूळ अमेरिकन लोकांच्या पूर्वजांनी बांधलेली. लांबून, समोरच्या कड्यावरून ती कुणीही बघू शकतं, पण आत शिरायचं तर रेंजरबरोबरच जावं लागतं आणि त्याची तिकिटं बरोबर चौदा दिवस आधी सकाळी आठला ऑनलाइन उघडतात. माणशी आठ डॉलर, म्हणजे पैशाचा प्रश्न नाही, प्रश्न असतो मिळण्याचा. जूनमध्ये तर तत्काळच्या तिकिटासारखीच गत.

आम्ही राहतो फिनिक्सला. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले होते आणि घरात बसून बसून दोघं कंटाळले होते, बाहेर त्रेचाळीस डिग्री, जाणार कुठे. मी सकाळी आठला चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसलो, बरोबर आठला रिफ्रेश मारलं, सगळं सोल्ड आउट. एक मिनिट पण नाही झालं राव! मग बायकोने शांतपणे विचारलं, "आठ कुठले?" तर झालं असं की अ‍ॅरिझोना माउंटन टाइममध्येच येतं, पण आमच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत आणि कोलोरॅडोत करतात. म्हणजे त्यांचे आठ ते आमचे सात. मी तासभर उशिरा रांगेत उभा होतो आणि वर साइटला शिव्या घालत होतो. दुसऱ्या दिवशी सातला बसलो, ट्रिप एक दिवस पुढे ढकलली, आणि त्या कपारीतल्या घरांपैकी क्लिफ पॅलेसची चार आणि बाल्कनी हाऊसची दोन तिकिटं मिळाली. बाबांची बायपास झालेली आहे, ते आधीच म्हणाले मी वरूनच बघेन, माझा दुर्बिणीचा खर्च तेवढा करा.

घड्याळाचा तमाशा तिथे संपला नाही. फिनिक्सहून पार्कजवळच्या कॉर्टेझ गावाला साडेसहा-सात तास लागतात, फ्लॅगस्टाफ, ट्यूबा सिटी, कायेंटा असं करत. वाटेतल्या नाव्हाहो या मूळ अमेरिकन लोकांच्या प्रदेशात घड्याळ एक तास पुढे, त्यांच्या प्रदेशाच्या मधोमध होपी लोकांचा प्रदेश आहे तिथे परत अ‍ॅरिझोनासारखं मागे, त्यामुळे ट्यूबा सिटीच्या आसपास माझा फोन वेड्यासारखा तास बदलत होता. बाबांनी तर मनगटावरचं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवलेलं, ते म्हणाले मला काय फरक पडतो.

कॉर्टेझमध्ये रात्री मुक्काम केला, सकाळी लवकर निघालो. एक गोष्ट सांगून ठेवतो, पार्कच्या गेटपर्यंत पोहोचलात म्हणजे पोहोचलात असं समजू नका. गेटपासून क्लिफ पॅलेसपर्यंत वळणावळणाचा घाटरस्ता आहे, तासभर धरून चाला. वाटेत दोन्ही बाजूला मैलोन्‌मैल राखाडी वाळकी झाडं उभी आहेत, नुसते सांगाडे. १९९६ ते २००३ च्या दरम्यान लागलेल्या मोठ्या वणव्यांमध्ये अर्ध्याहून जास्त पार्क जळून गेलं. आणि मजा अशी की झाडी जळाली म्हणून आधी कधी न दिसलेले अवशेष दिसायला लागले. पार्कात जवळजवळ पाच हजार ठिकाणं नोंदलेली आहेत आणि त्यातली कड्यातली घरं फक्त सहाशेच्या आसपास. फोटोत आपण कायम ती कड्यातलीच बघतो, पण हे लोक शेकडो वर्षं वर पठारावरच राहत होते, आधी जमिनीत अर्धं खणलेल्या घरांत, साधारण सहाव्या शतकापासून, मग पठारावरच्या दगडी वाड्यांत, आणि कपारीत उतरले ते अगदी शेवटच्या शंभरेक वर्षांत.

टूरच्या आधी रेंजर सगळ्यांना एकत्र उभं करून सूचना देते. सात हजार फुटांवर आहात, दमाल, पाणी प्या, पाण्याशिवाय बाकी काही खायचं-प्यायचं नाही, भिंतींना हात लावायचा नाही, टेकायचं नाही, पाच शिड्या आहेत, आठ ते दहा फुटांच्या. हृदयाचा, गुडघ्याचा त्रास असेल तर आत्ताच सांगा. मी आईकडे बघितलं. आई दुसरीकडेच बघत होती. तिला इंग्लिश बऱ्यापैकी समजतं पण अशा वेळी समजत नाही.

"आई, गुडघ्यांचं बोलतायत त्या," बायको म्हणाली.

"हो का? चांगल्या आहेत गं बाई."

तिने पंजाबी ड्रेस घातला होता, पायात खास त्यासाठी घेतलेले बूट, आणि ओढणी कमरेला बांधलेली. मी म्हटलं आई अगं नाही जमलं तर अर्ध्यातून परत यायला मिळणार नाही, वाट एकाच दिशेची आहे. ती म्हणाली सत्तरी गाठली माझी, मला माहितीये वाट एकाच दिशेची असते. यावर काय बोलणार.

उतरायला दगडी पायऱ्या आहेत, उंच-सखल, एका बाजूला कडा. मग वळसा घालून एकदम समोर क्लिफ पॅलेस येतो. फोटो हजारदा बघितलेला असतो तरी आपण गप्प होतो. भलीमोठी कपार, वरून दगडाचं छत पुढे आलेलं, आणि त्याच्या सावलीत अख्खं गाव बसलेलं, चौकोनी मनोरे, गोल मनोरा, दारं, खिडक्या, एकावर एक. दीडशेच्या आसपास खोल्या आणि तेवीस कीवा. कीवा म्हणजे जमिनीत खणलेली गोल खोली, धार्मिक कामाची आणि बसण्या-उठण्याची पण. आता त्यांची छपरं गेलीयत म्हणून आपल्याला नुसत्या विहिरी दिसतात, पण तेव्हा त्यांचं छप्पर हेच वरचं अंगण असायचं, त्यावर लोक वावरायचे आणि छपराच्या भोकातून शिडीने खाली उतरायचे. राहणारी माणसं शंभरेक असावीत. नाव पॅलेस असलं तरी राजा-बिजा कुणी नव्हता, ते नाव नंतरच्या गोऱ्यांनी दिलंय.

कपारी अशा का झाल्या ते रेंजरने छान सांगितलं. वरचा वाळूचा दगड पाणी शोषतो, पाणी झिरपत खाली येतं, खाली शेलचा, म्हणजे घट्ट चिकणमातीच्या दगडाचा थर लागला की पुढे जाता येत नाही म्हणून तिथून बाजूला पाझरतं, थंडीत गोठतं, दगडाचे पापुद्रे सुटतात आणि हजारो वर्षांत गुहा होते. म्हणजे ज्याने घराला जागा दिली त्यानेच प्यायचं पाणी पण दिलं, गुहेच्या मागच्या भिंतीशी झरा. आणि तेच पाणी आज दगड पाडतंय. स्प्रूस ट्री हाऊस म्हणून तिसऱ्या नंबरचं मोठं घर आहे, सगळ्यात सोपं, शिडीबिडी काही नाही, बाबांना तिथे नेता आलं असतं पण २०१५ पासून दरडी कोसळण्याच्या भीतीने ते बंद आहे.

आता खरं सांगतो, मी आर्किटेक्चर बघत होतो, फोटो काढत होतो, आणि आई काय बघत होती तर लिंपण. दगडांच्या सांध्यात मातीचा गारा भरलाय, माती-पाणी-राख कालवून, आणि त्यात बारीक बारीक दगडाच्या चिपा दाबून बसवल्यात. काही ठिकाणी बोटांचे ठसे राहिलेत. आई मला म्हणाली, "हे बायकांनी केलंय." मी म्हटलं कशावरून. म्हणे बोटं बघ. मी रेंजरला विचारलं, ती म्हणाली नक्की सांगता येत नाही पण प्युब्लो गावांमध्ये भिंती लिंपायचं काम परंपरेने बायकांचंच असतं. आईने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

मग रेंजरने त्यांच्या उंचीचं सांगितलं, पुरुष साधारण पाच फूट चार इंच, बायका पाच फूट. आई बरोबर पाच फूट. अमेरिकेत आल्यापासून तिला कपाटं उंच, ओटा उंच, बेसिन उंच, गाडीची सीट उंच, आणि इथे ती एका दाराच्या बाजूला उभी राहिली तर दार तिच्याच मापाचं. (हात नाही लावला, रेंजर बघत होती.)

तिथून पुढे पाटा-वरवंटा दिसला. त्याला मेटाटे म्हणतात आणि वरच्या दगडाला मानो, पण मी आईला ते शब्द सांगायच्या आधीच ती थांबलेली. मक्याचं पीठ करायचं त्यावर, रोज, तासन्‌तास गुडघ्यांवर बसून. मका, घेवडा, भोपळा ही शेती, ती सगळी वर पठारावर, पावसाच्या जिवावर, म्हणजे रोज कडा चढून शेतात जायचं आणि पीक पाठीवर घेऊन उतरायचं, ते पण शिडीने नाही, दगडात हाताची बोटं आणि पायाचा चवडा मावेल एवढ्या खाचा खोदल्यात त्यातून. रेंजर म्हणाली या दगडाची कच पिठात जायची आणि त्यामुळे लोकांचे दात झिजून जायचे. आई लगेच, "मग! आमच्याकडे टाकी लावली की पहिला घास गुरांचा." मी ते इंग्रजीत रेंजरला सांगायचा प्रयत्न केला, टाकीला काय म्हणणार, जात्याला छिन्नीने परत खरखरीत करतात आणि पहिलं दळण गुरांना घालतात असं लांबलचक सांगितलं, ती मन लावून ऐकत होती आणि मागचे टेक्सासवाले पण.

सगळं काही गोड-गोड नव्हतं हां. निम्मी मुलं पाच वर्षांच्या आत जायची, सरासरी वय तिशीच्या थोडं पुढे. माझी लेक नऊची, तिने हे ऐकून माझा हात धरला आणि नंतर लगेच सोडला, मोठी झालीय ना.

शोधाची गोष्ट पण सांगतातच. १८ डिसेंबर १८८८, बर्फ पडत होता, रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन हे दोघं चुकलेली गुरं शोधत होते आणि त्यांना समोरच्या कड्यावरून हे दिसलं. म्हणून "शोध लागला." पण अकोविट्झ नावाच्या, तिथल्या यूट जमातीच्या माणसाने वेदरिलला आधीच सांगितलं होतं की तिकडे जुन्या लोकांची मोठी घरं आहेत. हे मी रात्री बाबांना सांगितलं तर बाबा म्हणाले म्हणजे आपला जॉन स्मिथच की. आम्ही जळगावचे, अजिंठा म्हणजे शाळेच्या सहलीची जागा, १८१९ मध्ये वाघाच्या शिकारीला आलेला इंग्रज आणि त्याने लेणी "शोधली" आणि दहा नंबरच्या लेण्यात स्वतःचं नाव कोरून ठेवलं हे आम्ही पाठ केलेलं. गावकऱ्यांना माहीत होतं ते धरायचं नाही.

वेदरिलनंतर १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेन्शोल्ड हा स्वीडनचा तरुण आला, त्याने बरंच खणलं, नोंदी चांगल्या ठेवल्या, फोटो काढले, आणि सामान पेट्यांत भरून न्यायला लागला तर ड्युरँगोमध्ये त्याला अटक झाली. पण सोडावं लागलं कारण तेव्हा असं काही नेऊ नये असा कायदाच नव्हता! ते सगळं शेवटी फिनलंडच्या म्युझियममध्ये गेलं. १९०६ मध्ये पार्क झालं. आणि त्याने नेलेल्या सामानात माणसांचे अवशेष पण होते, वीसेक जणांचे, ते २०२० मध्ये परत आले आणि त्यांच्या वंशजांनी त्यांना इथेच पुन्हा पुरलं. सव्वाशेहून जास्त वर्षांनी.

आता मुख्य. प्रत्येक जण विचारतो तो प्रश्न आमच्या ग्रुपमधल्या एकाने विचारला, मग हे लोक अचानक गायब का झाले? रेंजर हसली, तिला सवय असणार. म्हणाली गायब नाही झाले, गेले. झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून कळतं की १२७६ ते १२९९ मोठा दुष्काळ पडला, या घरांच्या छपरातल्या तुळयांचं वय पण त्याच पद्धतीने काढलंय. त्यात शेकडो वर्षं तीच जमीन कसलेली, जंगल तोडलेलं, शिकार कमी झालेली, आपसात तंटे पण असावेत. तेराशे सालापर्यंत सगळे दक्षिणेकडे गेले, रिओ ग्रांदे नदीकाठी, झुनी, अ‍ॅकोमा, होपी गावांकडे. पंचवीसहून जास्त जमाती आजही मेसा व्हर्डेशी आपलं नातं सांगतात. पूर्वी या लोकांना अनासाझी म्हणायचे, तो नाव्हाहो शब्द आहे, त्यात शत्रूंचे पूर्वज असा अर्थ येतो, म्हणून आता ते नाव वापरत नाहीत. साहजिक आहे, शेजाऱ्याने ठेवलेलं नाव कोण लावून घेईल.

मी आईला हे मराठीत सांगत होतो, ती मधेच म्हणाली, "पाटे ठेवून गेले?"

म्हटलं हो, जड सामान राहिलं, मोठी मडकी, पाटे.

"मग. पाटा कोण नेणार डोक्यावर."

आईचं माहेर तापीकाठचं, ते धरणात गेलं. मला हे माहीत होतं, म्हणजे माहीत होतं एवढंच, आजोळ म्हणजे माझ्यासाठी ते नवीन गावठाणातलं पत्र्याचं घर, सरळ रस्ते, आखलेले प्लॉट. आई तिथे कपारीच्या सावलीत उभी राहून एकदम बोलायला लागली की आमचं पण जातं तिथेच राहिलं, दारं-खिडक्या काढून नेल्या, तुळया नेल्या, देव नेला गाजत-वाजत, पण जातं पुरलेलं होतं ते निघेना. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक जाऊन बघून यायचे. एकदा तिचे काका जाऊन आले आणि म्हणाले जातं दिसतंय. "आम्ही काय गायब झालो का," आई म्हणाली. "चार कोसावर तर गेलो."

ग्रुप पुढे गेला होता. बायकोने मागे वळून बघितलं, मग काही न बोलता लेकीला घेऊन हळू चालायला लागली.

एका कीवाच्या काठाशी थांबून रेंजरने आतलं दाखवलं. चुलीचा खड्डा, त्याच्यापुढे एक छोटी आडवी भिंत, हवा यायचा बोगदा, हवा आत आली की त्या भिंतीवर आपटून दोन्हीकडे पसरते, थेट चुलीवर येत नाही, धूर वर भोकातून. बाबा असते तर खूष झाले असते, पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते. आणि चुलीच्या पलीकडे जमिनीत एक वितीपेक्षा लहान गोल भोक, सिपापू. माणसं खालच्या जगातून या जगात आली ती वाट, तिची खूण. आई तिथे नमस्कार करणार हे मला वाटलंच होतं. चप्पल काढायची का असं तिने विचारलं, बूट होते, राहू दे म्हटलं.

वर चढायची शेवटची वाट दगडाच्या फटीतून आहे, अरुंद, आणि शिड्या एकामागून एक. रेंजरने आईला पुढे घेतलं, मी तिच्या बरोबर मागे. पहिली शिडी ठीक, दुसरीवर ती मधे थांबली. मी खालून म्हटलं आई दमलीस का, ती म्हणाली थांब रे, बघतेय. शिडीच्या बाजूला कड्यात त्या जुन्या खाचा होत्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. मागे माणसांची रांग, कुणी कुरकुर केली नाही. वर पोहोचलो तर बाबा दुर्बीण गळ्यात घालून उभेच होते. "तू शिडीवर थांबलीस ते दिसलं मला," एवढंच म्हणाले आणि पाण्याची बाटली दिली. मग फोटो बघताना तासभर चिपांवर बोलत होते, मोठ्या दगडाला गाऱ्यात चिपा दाबल्या की गारा आकसत नाही, भेगा पडत नाहीत, आमचे वडार लोक असंच करायचे.

दुपारी मी आणि लेक बाल्कनी हाऊसला गेलो. ते अ‍ॅडव्हेंचरवाल्यांसाठी आहे. बत्तीस फुटांची लाकडी शिडी, दोन माणसं शेजारी शेजारी चढतील एवढी रुंद, खाली दरी. लेक माकडासारखी चढली. मी शिडीच्या दांड्याशिवाय कुठेच बघितलं नाही, बायकोला ते सांगितलेलं नाही. बाहेर पडायला बारा फूट लांब भुयार आहे, रुंदी फक्त अठरा इंच, त्यातून रांगत जायचं. ते लोक सडपातळ होते. मी आयटीत आहे. मधे पोटापाशी अडकलो, श्वास सोडून, बॅग पुढे ढकलून निघालो, आणि बाहेर लेक फोन घेऊन व्हिडिओ काढत उभी. फॅमिली ग्रुपवर गेला तो.

जाणाऱ्यांनी एवढंच करा, घड्याळ बघून बुकिंग करा, बूट घाला, पाणी जास्त घ्या, आणि घाई असेल तर जाऊच नका, एक दिवस पुरत नाही.

परत येताना मुद्दाम वेगळा रस्ता घेतला, चिनली, गनाडो करत होपींच्या गावांवरून. तीन उंच पठारं आहेत, त्यांवर गावं. तिथे फोटो काढायला बंदी, आम्ही फोन बाहेर काढलेच नाहीत. रस्त्याकडेला कोरड्या वाळूत मक्याची शेतं, ओळी नाहीत, लांब लांब ठोंबे, दाणे खोल टोचून पेरलेले, पाट नाही विहीर नाही. सेकंड मेसा या त्यातल्या एका पठाराजवळ एका बाईने टेबल मांडलं होतं, त्यावर पिकी होती. निळ्या मक्याच्या पिठात राख घालून कालवतात, तापलेल्या दगडावर उघड्या हाताने सारवल्यासारखं पसरतात आणि कागदासारखा पापुद्रा निघाला की गुंडाळी करतात. आईने एक गुंडाळी हातात घेतली, उजेडात धरली, तोडून खाल्ली, बाबांना दिली.

"मांडे," बाबा म्हणाले.

"मांडे जाड असतात याच्यापेक्षा," आई म्हणाली. मग मला म्हणाली, विचार तिला, दगड कुठला.

मी विचारलं. बाई म्हणाली माझ्या आजीचा आहे. आईने मान हलवली, मी सांगायची वाट न बघता, आणि चार पाकिटं घ्यायला लावली. गाडीत सीटभर निळा चुरा झाला. फोनमधलं घड्याळ परत एक तास मागे गेलं होतं, लेक विचारत होती आत्ता नक्की किती वाजले, आणि बाबांनी मनगट बघून सांगितलं, "पहाटेचे साडेतीन."